कपाटातले प्रबंध, किनाऱ्यावरचे वाचक

पावसाळ्यात रायगडच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या ग्रंथालयात जा आणि प्रबंधांच्या कपाटातली एक प्रत हातात घ्या. रेक्झिनची काळी किंवा मरून बांधणी ओलसर लागते. पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसट झालेली असतात. आत पानांच्या कडेला पिवळट डाग, नकाशांच्या घड्या चिकटलेल्या, आणि कसर लागली असेल तर बारीक जाळी. खाऱ्या हवेत कागद टिकवणं हे आम्हा ग्रंथालयातल्या माणसांचं कायमचं काम. डांबरगोळ्या टाका, उन्हाळ्यात कपाटं रिकामी करून पुस्तकं वाऱ्यावर ठेवा, कडुलिंबाचा सुकवलेला पाला पानांत घाला. तरी दर पावसाळा थोडंफार घेऊन जातोच.

या कपाटांत काय असतं याची बाहेरच्या माणसाला फारशी कल्पना नसते. पेण-अलिबागच्या खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली माती, श्रीवर्धनची रोठा सुपारी, मुरूडचे कोळीवाडे, महाडचा सत्याग्रह, चरीच्या शेतकऱ्यांचा 1933 पासून 1939 पर्यंत चाललेला संप, कातकरी वाड्यांवरची स्थलांतरं. इथल्या जगण्याचे असे किती तरी विषय घेऊन मुलं-मुली चार-चार, सहा-सहा वर्षं राबतात. गावोगाव फिरतात, लोकांच्या ओटीवर बसून प्रश्नावल्या भरून घेतात. मग प्रबंध बांधला जातो. एक प्रत गाइडकडे, एक विभागात, एक ग्रंथालयात. तोंडी परीक्षा होते, पेढे वाटले जातात आणि प्रबंध कुलपात जातो. वाचायचा तर अर्ज करा, ओळखपत्र दाखवा, इथेच बसून वाचा, झेरॉक्स मिळणार नाही. खारेपाटातला शेतकरी एवढं सगळं करून तो वाचायला येईल अशी अपेक्षा कोणी धरलेलीच नव्हती.

मी कोकणातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल होते. नोकरीच्या उत्तरार्धात माझ्याकडे एकच मोठं काम होतं : विद्यापीठातलं संशोधन कोणालाही, कुठूनही, पैसे न देता वाचता येईल अशी रिपॉझिटरी उभारणं आणि ती वापरात आणणं. यातलं उभारणं बरंच शिकून घेता येतं. वापरात आणणं मात्र माणसांशी बोलूनच जमतं, आणि त्यात माझी जास्त वर्षं गेली.

सुरुवातीलाच एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, “मॅडम, शोधगंगा असताना आपली वेगळी रिपॉझिटरी कशाला?” प्रश्न रास्त होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 च्या नियमांत पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं आवश्यक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने त्यासाठी शोधगंगा उभी केली. आज तिथे देशभरातले पाच लाखांवर प्रबंध आहेत आणि कोणीही ते उघडू शकतं. या देशात उच्चशिक्षणासाठी झालेल्या मोजक्या निखळ चांगल्या कामांपैकी ते एक आहे, असं मी मनापासून मानते. पण शोधगंगेत प्रबंध जातात. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध, प्रकल्प अहवाल, सर्वेक्षणाचे मूळ तक्ते, चर्चासत्रात वाचलेले निबंध, प्राध्यापकांनी परदेशी नियतकालिकांत छापलेल्या लेखांच्या स्वीकृत प्रती यांची सोय विद्यापीठानेच करायची असते. आणि नियम येण्यापूर्वीचे प्रबंध कपाटातच होते. नेमके तेच जास्त भिजत होते.

सॉफ्टवेअरचा प्रश्न लवकर सुटला. शोधगंगा ज्यावर चालते ते डीस्पेस आम्हीही घेतलं. अमेरिकेतल्या एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी मिळून 2002 मध्ये ते तयार केलं आणि सर्वांना मोफत दिलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्याच वर्षी ईप्रिंट्स हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर वापरून आपली रिपॉझिटरी सुरू केली होती. ही साधनं आपल्याकडे वीसहून जास्त वर्षांपासून आहेत; सर्व्हर, एक जाणकार तंत्रज्ञ आणि नियमित बॅकअप एवढी तयारी असली की काम सुरू होतं.

अडलं ते मराठीवर. विद्यापीठातले मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांतले बहुतेक प्रबंध गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकावर टाइप झालेले होते, म्हणून आम्हाला वाटलं होतं की ते सोपे जातील आणि टंकलेखन यंत्रावरचे जुने अवघड. झालं उलटं. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडचे टायपिस्ट श्रीलिपी, आयएसएम, एपीएस अशा फॉन्टांवर काम करत. त्यात पडद्यावर अक्षर देवनागरी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ते रोमन चिन्ह म्हणून साठवलेलं असतं. पीडीएफ उघडली की सुंदर मराठी वाचता येते. त्यातला एखादा शब्द शोधायला जा, सापडत नाही. चार ओळी कॉपी करून पाहा, अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. गूगललाही तेच दिसतं. म्हणजे प्रबंध इंटरनेटवर आहे आणि तरी जगाच्या दृष्टीने नाही.

त्यावर दोन उपाय होते. मूळ फाइल मिळाली तर फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून ती युनिकोडमध्ये आणायची. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, ते हाताने दुरुस्त करायचे. फाइल नसली तर पानांची चित्रं करून त्यांवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, चालवायचं. अलीकडे मराठीचं ओसीआर बरंच सुधारलं आहे, पण तळटिपा आणि तक्ते अजूनही माणसाने तपासावेच लागतात. आमच्याकडे कंत्राटावर आलेल्या दोन मुली होत्या, एक रोह्याची आणि एक माणगावची. मराठी घेऊन एम.ए. केलेल्या. संगणकाच्या पदविकाधारकांपेक्षा त्यांनी हे काम चोख केलं, कारण चुकलेला शब्द कोणता असणार हे त्यांना वाक्यावरून कळायचं. प्रत्येक मराठी विद्यापीठाने अशा कामासाठी भाषेच्या पदवीधरांना घ्यावं असं मी तेव्हापासून जिथे संधी मिळेल तिथे सांगत आले आहे.

दुसरं किचकट काम नोंदीचं, ज्याला आम्ही मेटाडेटा म्हणतो. शीर्षक, लेखक, मार्गदर्शक, वर्ष, विषय. वाटतं तेवढं हे सरळ नाही. हा जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा होता, मग रायगड झाला. इंग्रजी प्रबंधांत अलिबागची स्पेलिंगं दोन, श्रीवर्धनची तीन, आणि कुलाबा म्हटलं की निम्म्या वेळा मुंबईचा कुलाबा पुढे येतो. आम्ही ठरवलं की प्रत्येक नोंदीत गावाचं आणि तालुक्याचं नाव मराठीत, इंग्रजीत आणि जुन्या रूपात असं सगळं घालायचं. शिवाय प्रबंध इंग्रजी असला तरी विषयाचे पाच-सहा शब्द मराठीत द्यायचे, आणि तेही इथल्या बोलण्यातले : खारभूमी, बाहेरकाठा (खारं पाणी अडवणारा बाहेरचा बांध), उघाडी (त्या बांधातली पाण्याची दारं), वाडी, रापण. एका नोंदीला लागणारा वेळ दुप्पट झाला. वरिष्ठांपैकी काहींना तो अपव्यय वाटला. संख्या लवकर वाढायला हवी होती, मूल्यांकन समिती यायची होती. पण पुढे जे लोक बाहेरून आमच्यापर्यंत पोचले, ते याच शब्दांवरून पोचले.

हे सगळं करताना माझ्या डोळ्यांपुढे अलिबागची वेधशाळा होती. किनाऱ्यालगतच्या त्या दगडी इमारतींवरून पर्यटक रोज जातात. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या विजेने सूक्ष्म मापनं बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाय अर्देशर फ्रामजी मूस यांनी नव्या जागेचा शोध घेतला आणि अलिबाग निवडलं. 1904 पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींशी जुळवून घेता येईल. मग मूस यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी आणि त्यांचं विवेचन 1910 मध्ये दोन खंडांत छापून सर्वांसमोर ठेवलं.

त्या जुन्या वह्यांचं पुढे काय झालं, ते प्रत्येक संशोधकाने माहीत करून घ्यावं. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर ज्वाला दिसली आणि पाठोपाठ पृथ्वीवर इतिहासातलं प्रचंड चुंबकीय वादळ आलं. ते नेमकं किती मोठं होतं, हे मोजायला जगात फार थोड्या जागी उपयोगी नोंद होती. कुलाब्याला माणसांनी डोळ्यांनी पाहून लिहिलेली नोंद होती. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लाखिना आणि एस. ॲलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि इतर परदेशी सहकाऱ्यांबरोबर 2003 मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घट त्या वहीत टिपलेली होती. 1989 मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांताची वीज घालवणारं वादळ 600 च्या आतबाहेर मोजलं गेलं होतं, यावरून अंदाज येईल. उपग्रह आणि वीजजाळी चालवणारे देश आज त्या अभ्यासाचा आधार घेतात. नोंद करणाऱ्याला उपग्रह हा शब्दही माहीत नव्हता. त्याने वेळच्या वेळी नीट लिहिलं, पुढच्यांनी ते जपलं आणि दीडशे वर्षांनी ते कामाला आलं. भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे. नव्या संशोधक विद्यार्थ्यांपुढे बोलताना मी सुरुवात नेहमी इथून करायची, आणि मग सांगायची की तुमच्या परिशिष्टातला तक्ता टाकून देऊ नका, तो आम्हाला द्या.

तक्ते द्यायला विद्यार्थी तयार होत. प्राध्यापकांचं मन वळवणं कठीण गेलं. त्यांच्या शंका खऱ्या होत्या, म्हणून त्या लिहून ठेवते. पहिली, चोरीची. “इंटरनेटवर ठेवलं की कोणीही उचलणार.” माझं उत्तर असं की कपाटातल्या प्रबंधातून उचललेलं कधीच पकडलं जात नाही, उघड्यावर असलेल्या आणि तारखेसह नोंदलेल्या प्रबंधातून उचललं की तपासणीच्या सॉफ्टवेअरला ते सापडतं, आणि आधी कोणी लिहिलं हे सिद्ध करायला कायमचा पत्ता असतो. दुसरी शंका प्रकाशकाची : लेखाचे हक्क तर त्यांच्याकडे आहेत. इथे समजावून सांगावं लागे की बहुतेक मोठे प्रकाशक लेखाची स्वीकृत प्रत, म्हणजे परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त झालेली पण त्यांच्या साच्यात न मांडलेली प्रत, ठरावीक मुदतीनंतर संस्थेच्या रिपॉझिटरीत ठेवू देतात. कोणत्या नियतकालिकाचा काय नियम आहे ते तेव्हा ब्रिटनमधून चालणाऱ्या शेर्पा-रोमिओ या यादीत पाहता येत असे. केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी तर डिसेंबर 2014 मध्येच धोरण जाहीर केलं की त्यांच्या पैशावर झालेल्या संशोधनाची अशी प्रत रिपॉझिटरीत ठेवावी. हे धोरण आमच्या बऱ्याच प्राध्यापकांनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

तिसरी शंका कोणी मोठ्याने बोलत नसे. जुना प्रबंध लोकांनी वाचला तर त्यातल्या उणिवा दिसतील, ही. या भीतीबद्दल मला कधी राग आला नाही. तरुणपणी, अपुऱ्या साधनांनिशी, नोकरी सांभाळून लिहिलेलं ते काम असतं. अशा वेळी मी एक प्रस्तावना जोडण्याची मुभा देत असे : आज मला यात काय बदलावंसं वाटतं, यावर लेखकाने एक पान लिहावं. काहींनी ती पानं इतकी चांगली लिहिली की मूळ प्रबंधाच्या आधी तीच वाचावीत.

महाडजवळच्या एका महाविद्यालयात बोलायला गेले तेव्हा मी डॉ. आंबेडकरांच्या प्रबंधाचा दाखला दिला होता. कोलंबिया विद्यापीठात त्या काळी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय डॉक्टरेट पूर्ण होत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवहारावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये 1925 साली छापून निघाला आणि पदवी 1927 च्या जूनमध्ये मिळाली, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या तीन महिन्यांनी. संशोधन सर्वांना वाचायला मिळेपर्यंत पदवी नाही, असा तो नियम. आपल्याकडे छपाईचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी मारावा असं मी म्हणणार नाही. पण त्या नियमामागचा विचार मला पटतो, आणि आता तो पाळायला पैसेही लागत नाहीत. त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडताना दोन मार्गदर्शकांनी आपापल्या विद्यार्थ्यांची यादी माझ्या हातात दिली.

प्राध्यापकांसाठी आम्ही परिपत्रकं काढली, भित्तिपत्रकं लावली, कार्यशाळा घेतल्या. त्यांतून थोडं झालं. खरा फरक दोन गोष्टींनी पडला. एक म्हणजे फॉर्म त्यांनी भरावा हा आग्रह आम्ही सोडला. मी किंवा माणगावची ती मुलगी लॅपटॉप घेऊन विभागात जायचो, चहाच्या वेळेला बसायचो आणि त्यांच्या समोर त्यांचे लेख चढवून द्यायचो. दुसरी, दर महिन्याला प्रत्येक लेखकाला त्याचा लेख किती जणांनी आणि कुठून उतरवून घेतला याची दोन ओळींची मेल. त्या आकड्यांत यंत्रांच्या भेटीही मिसळलेल्या असतात. त्या जमेल तितक्या गाळूनच आम्ही पाठवत होतो. ज्यांचा एकही लेख वाचला जातो की नाही याची खात्री नव्हती, अशा प्राध्यापकांना बांगलादेशातून, व्हिएतनाममधून वाचक असल्याचं कळलं. खाऱ्या जमिनी तिथेही आहेत. त्यानंतर काही जण स्वतःहून ग्रंथालयात येऊ लागले.

पण या साऱ्या कामाचा अर्थ मला पुरता कळला तो 2020 च्या जूनमध्ये. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन ते अलिबाग या पट्ट्यावर येऊन आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. एका पिढीची कमाई गेली. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यात कोरोनाची टाळेबंदी, ग्रंथालयं आणि महाविद्यालयं बंद. ज्या प्रबंधांच्या फक्त बांधीव प्रती होत्या, ते माझ्यासुद्धा हाताबाहेर होते.

मोबाइलचे टॉवर सुरू झाले तशी मला चौकशी येऊ लागली. ओळखीच्या बागायतदारांची, त्यांच्या मुंबईत असलेल्या मुलांची, एका शाळामास्तरांची. पोफळींत आता कोणतं आंतरपीक घ्यावं, अर्धवट मोडलेलं झाड ठेवावं की काढावं, खारं पाणी शिरलेल्या विहिरीचं काय करावं. मी कृषी शास्त्रज्ञ नाही, सल्ला देणं माझं काम नव्हतं. पण दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनलाच आहे आणि पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, जिथे खाऱ्या जमिनीत येणारी पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 ही भातं तयार झाली, हे मला माहीत होतं. देशातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोश नावाच्या मुक्त संग्रहात ठेवले जातात आणि दापोलीचेही तिथे आहेत. मी घरी बसून दुवे शोधत होते, इंग्रजी सारांश वाचून त्यातलं मुख्य मराठीत चार ओळींत लिहून पाठवत होते आणि कोणत्या केंद्राला फोन करावा ते सांगत होते. सगळ्यांचं समाधान झालं नाही. काही प्रश्नांवर कोणी संशोधनच केलेलं नव्हतं, आणि तेही त्यांना सांगणं गरजेचं होतं.

वर्षभराने, जुलै 2021 मध्ये, सावित्रीच्या पुराने महाड बुडालं आणि वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, 1864 पासूनचं, 2005 च्या पुरातून सावरलेलं, पुन्हा पाण्याखाली गेलं. हजारो पुस्तकांचा लगदा झाला. तो आठवडा ग्रंथालयात काम करणाऱ्या कोकणातल्या कोणालाही विसरता येणार नाही. एकाच इमारतीत, एकाच प्रतीत ज्ञान ठेवणं या किनाऱ्यावर परवडणारं नाही. त्यानंतर रिपॉझिटरीची एक पूर्ण प्रत घाटावर, समुद्रापासून आणि नदीपासून दूर ठेवण्याच्या मागणीला कोणी विरोध केला नाही.

त्याच सुमारास आम्ही मराठी सारांशाचं काम नेटाने हाती घेतलं. प्रत्येक प्रबंधाला एक पान : काय शोधलं, कुठे शोधलं, काय आढळलं, ते कोणाच्या उपयोगाचं. साध्या मराठीत, आठवी शिकलेल्या माणसाला कळेल असं. विद्यार्थ्यांनीच लिहायचं आणि आम्ही तपासायचं. इंग्रजीत अडीचशे पानं लिहिलेल्या मुलांना हे एक पान जड जातं, पण लिहून झाल्यावर आपण काय केलं ते त्यांना स्वतःलाही अधिक स्पष्ट होतं. ही पानं छापून आम्ही गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत, मच्छीमार सोसायट्यांच्या कार्यालयांत आणि ग्रामपंचायतींत दिली. रिपॉझिटरीचा पत्ता खाली.

पेण आणि अलिबागच्या मधल्या एका गावात वाचनालयाच्या ओट्यावर अशीच पानं वाटत होते. एक वयस्क शेतकरी पुढे आले. म्हणाले, “बाई, आमच्या बाहेरकाठ्यावर मुलं आली होती मोजायला. माती नेली पिशव्यांतून. पुढं काय झालं त्याचं?” ते किती वर्षांपूर्वीचं, हे त्यांना नक्की सांगता येईना. गावाच्या नावावरून मी तिथेच मोबाइलवर शोधलं आणि तो लघुप्रबंध निघाला. त्यांच्या शिवारातल्या नमुन्यांचा तक्ता होता, महिन्यागणिक मातीचा खारेपणा दिलेला. मी आकडे वाचत गेले, ते मान हलवत सांगत गेले की या महिन्यात उघाडीची दारं नादुरुस्त होती, त्या महिन्यात पाऊस लांबला होता. प्रबंधात नसलेली कारणं त्यांच्याकडे होती. ते सगळं मी लिहून घेतलं आणि त्या संशोधकाला पाठवलं. संशोधन लोकांकडे परत गेल्यावर ते पुढे सरकतं, हे मला कोणत्याही परिषदेपेक्षा त्या ओट्यावर जास्त पटलं.

मात्र मुक्त म्हणजे सगळंच्या सगळं उघडं, असं मी मानत नाही. कातकऱ्यांवरच्या काही प्रबंधांच्या परिशिष्टात कुटुंबप्रमुखांची नावं, कर्जाचे आकडे, कोणाच्या भट्टीवर कामाला जातात तेही दिलेलं असे. कोळिणींच्या मुलाखतींत घरातली भांडणं असत. ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांना कधी वाटलंही नसेल की हे एक दिवस फोनवर दिसेल. असे भाग झाकूनच आम्ही प्रबंध खुले केले आणि मूळ प्रत कपाटात ठेवली. पक्ष्यांच्या घरट्यांच्या नेमक्या जागा, औषधी वनस्पती कुठे सापडतात याचे नकाशे, हेही तसेच. यात वेळ जातो, वाद होतात, पण हे न करता प्रबंध खुला करणं अन्यायाचं आहे.

खुलं केल्याने काय साधतं याचं अलिबागला एक चांगलं उदाहरण आहे. इथल्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या जुनेपणाचा पुरावा म्हणून 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमधली नोंद पुढे करण्यात आली. ते गॅझेटियर आज राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतं. आजचे प्रबंध म्हणजे उद्याची गॅझेटियरंच आहेत. आपल्या नातवंडांना कशाचा पुरावा लागेल ते आपल्याला आज ठरवता येणार नाही.

अलीकडे ‘एक देश, एक वर्गणी’ या योजनेची बरीच चर्चा आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये ती मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं. रायगडमधल्या छोट्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीलाही आता आयआयटीतल्या मुलाइतकंच वाचता येईल, याचा मला आनंद आहे. पण ही वाट संस्थांच्या दारापर्यंतच येते. पदवी घेऊन ती मुलगी गावी परतली की दार पुन्हा बंद. शेतकरी, मच्छीमार, वार्ताहर, निवृत्त शिक्षक यांना या योजनेत जागा नाही. शिवाय त्या 13,000 नियतकालिकांत खारेपाटावर मराठीत लिहिलेला प्रबंध सापडणार नाही. एवढ्या रकमेचा अगदी छोटा हिस्सा जरी राज्यातल्या विद्यापीठांच्या रिपॉझिटऱ्यांना, त्यातल्या मराठी मजकुराच्या युनिकोडीकरणाला आणि एका-एका कायम माणसाला मिळाला, तरी खूप होईल.

कायम माणूस, हे मी मुद्दाम म्हणते. रिपॉझिटरी सर्व्हरच्या बिघाडाने सहसा मरत नाही. मूल्यांकनाच्या वर्षी ती गाजावाजाने सुरू होते, कंत्राटी तंत्रज्ञाची मुदत संपते, वार्षिक शुल्क भरायचं राहून जातं, सॉफ्टवेअर जुनं होतं, आणि एक दिवस दुवा उघडत नाही. राज्यातल्या अशा किती तरी बंद पडलेल्या दुव्यांवर मी स्वतः जाऊन आले आहे. ज्या कामाला मंजूर पदांच्या आकृतिबंधात जागा नाही ते टिकत नाही. ग्रंथपालाची पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवून ज्ञान खुलं करण्याची घोषणा करणं मला पटत नाही, आणि हे मी सेवेत असतानाही बैठकांत सांगत होते.

आता वाचकांकडे मागणं आहे. तुम्ही रायगडात कधी संशोधन केलं असेल, तर तुमचा प्रबंध रिपॉझिटरीत आहे का ते पाहा. नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला संमतीचं पत्र द्या आणि मूळ फाइल असल्यास तीही द्या. मार्गदर्शक असाल, तर विद्यार्थ्याकडून एक पान मराठी सारांश लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि तुमच्या गावात कधी कोणी माती, पाणी, मासळी, घरं मोजायला आलं असेल, तर ते कोणत्या विद्यापीठातून आले होते ते आठवून तिथल्या ग्रंथपालाला विचारा की पुढे काय झालं. हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि उत्तर शोधून देणं हे आमचं काम आहे.